पत्र्याच्या शेडमधला सूर

आमच्या सासऱ्यांना सगळं गाव फुंकमास्तर म्हणायचं. त्यांना ते नाव मानाचं वाटे. ठेवणाऱ्यांनी ते कोणत्या हेतूने ठेवलं होतं, हे विचारायची हिंमत कोणी केली नाही, मी तर नाहीच. त्यांच्याच घरात राहणारा जावई असलो तरी मला जीव प्यारा होता.

ते बासऱ्या बनवत. घराच्या गच्चीवर त्यांनी चारी बाजूंनी पत्रा ठोकून एक शेड उभी केली होती आणि तिला ते कारखाना म्हणत. आत एक शेगडी सदा पेटलेली असे, कारण बांबूला भोकं पाडायची ती तापून लाल झालेल्या सळईनेच. सकाळी ते बांबू निवडत आणि वर्तमानपत्राशी भांडत. काम सुरू होई ते भर दुपारी, डोक्यावरचा पत्रा चांगला तापल्यावर. थंडीच्या दिवसांत ऊब जाऊ नये म्हणून दार लावून घेत. एकदा ऐन उन्हाळ्यात सासूबाईंनी मला चहा घेऊन वर पाठवलं. वर पोचेपर्यंत चहा प्यायची इच्छा, बोलायची इच्छा आणि क्षणभर जगायची इच्छा, सगळंच मावळलं. सासरे मात्र त्या भट्टीत पूर्ण बाह्यांचा सदरा घालून मजेत बसले होते.

दाराजवळ खिळ्याला एक नादकाटा टांगलेला असे. दोन पायांचा पोलादी चिमटाच तो. गुडघ्यावर आपटून कानाशी नेला की एकच सूर देतो, रोज तोच. सासऱ्यांना तो त्यांच्या गुरूंनी दिला होता आणि तो शेडबाहेर कधी जात नसे. "हा खोटं बोलत नाही," असं ते म्हणत. ते खरं होतं. या सगळ्या प्रकरणात खोटं कोणीच बोललं नाही, म्हणून तर डोक्याला ताप झाला.

गिऱ्हाईक दोन जिने चढून वर येई, घामाघूम होई, बासरी फुंकून बघे. सासरे काटा आपटत. काट्याचा सूर आणि बासरीचा सूर असे एकमेकांत मिसळत की वेगळे ओळखता येऊ नयेत. गिऱ्हाईक खूष होऊन घरी जाई आणि आठवडाभरात तोंड पाडून परत येई. घरी बासरी उतरलेली वाजते, पियानोबरोबर धरली तर कानाला बोचते. सासरे ती हातात घेत, तिथेच त्या भट्टीत वाजवत, काटा आपटत. सूर तंतोतंत! मग बासरी परत देताना ते त्या माणसाच्या छातीकडे बघत आणि शांतपणे म्हणत, "फुंक कच्ची आहे तुमची."

माणूस खाली मान घालून जिना उतरे.

आसपास बासऱ्या बनवणारं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे वाजवणाऱ्या प्रत्येकाने आपली छाती कमजोर आहे हे मनोमन मान्य करून टाकलं होतं. लोक पहाटे उठून धावत. फुगे फुगवत. सगळ्या गावात एकही बासरीवाला सिगारेट ओढत नसे. शाळेतल्या बासरीच्या तासाला आधी दोरीच्या उड्या मारायला लावत. जोर लावून फुंकलं की सूर थोडा चढतो, तेव्हा मेहनतीचं फळ मिळतंय असंही वाटे. चार बासऱ्या एकत्र वाजल्या तर चारही सारख्याच उतरलेल्या, म्हणून काही जाणवत नसे. जाणवे ते सभागृहातल्या पियानोशी गाठ पडली की. त्याचं खापर मग पियानोवर फुटे. पियानोचे सूर लावणारा माणूस इतक्या वेळा बोलावला गेला आणि इतके टोमणे ऐकून परत गेला, की शेवटी त्याने गाव सोडलं आणि दुसरीकडे कुठेतरी कुलपं-किल्ल्यांचं दुकान टाकलं.

आता माझ्या बायकोबद्दल सांगतो, कारण तिला वगळलं तर ही सगळी नुसती गंमत होईल, आणि ती तशी नव्हती.

ती त्यांची एकुलती एक. चालायच्या आधी बासरी तोंडाला लावली असं सासूबाई सांगतात. अतिशयोक्ती वजा केली तरी पुष्कळ उरतं. एकोणिसाव्या वर्षी तिने मोठ्या वाद्यवृंदासाठी परीक्षा दिली. सभागृह वातानुकूलित, इतकं गार की परीक्षक शाली घेऊन बसलेले. बासरी वडिलांच्या हातची, नवी कोरी. पहिल्याच सुराला ती पियानोच्या खाली गेली. तिने जोर लावला, आणखी लावला, श्वास तुटला, गाणं अर्ध्यात थांबलं. परीक्षक सभ्य होते, त्यांनी पाणी दिलं.

घरी आल्यावर सासऱ्यांनी बासरी हातात घेतली, वर गेले, फुंकली, काटा आपटला आणि खाली येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "बासरी सुरात आहे. फुंक कच्ची आहे तुझी. ठेवून दे आता."

तिने ठेवून दिली. भांडली नाही, रडली असेल तर कोणाला दिसली नाही. चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली. लोकांना खुर्चीत बसवून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणं हे तिचं काम. आमचं लग्न ठरलं तेव्हा मी तिला विचारलं होतं, काही छंद वगैरे? ती म्हणाली, "होता." मी पुढे विचारलं नाही. मला वाटलं भरतकाम असेल.

तर यंदा त्याच वाद्यवृंदात बासरीच्या दोन जागा निघाल्या. वयाची अट चाळीस. बायकोला एकोणचाळीस पूर्ण. एका रविवारी मी आंघोळ करून आलो तर ही कपाटाच्या तळातून बासरी काढून फडक्याने पुसत बसलेली.

"अर्ज केलाय," ती म्हणाली. "यंदा नाही तर मग नाहीच."

"बाबांना सांगितलंस?"

"तुम्ही सांगा."

मी सांगितलं. सासरे कानशीने बांबूची कड घासत होते, ते थांबलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "जावईबापू, एकदा तोंडावर आपटली ती पोर. पुन्हा आपटायला तुम्ही तिला धक्का देताय?" मी मूग गिळून खाली उतरलो. चूक झाली. पण त्या उकाड्यात कोणाचं तोंड चाललं असतं?

मी कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे. सफरचंदं, लोणी, बटाटे. एके दिवशी मी डबा घरी विसरलो आणि तो घेऊन चक्क सासरे दारात हजर. त्यांच्या शेडचे पत्रे बदलायचं काम चालू होतं, त्यामुळे ते रिकामे होते आणि रिकामा माणूस घरात नको म्हणून सासूबाईंनी त्यांना पिटाळलं होतं. खिशात नादकाटा होता, पत्रेवाल्यांवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. बासरी तर त्यांच्या काखेत असायचीच.

आमच्या हमालांनी फुंकमास्तरांना ओळखलं आणि आग्रह धरला की काहीतरी ऐकवाच. लोण्याच्या खोलीत सगळे जमले, बाहेर गाड्यांचा फार आवाज होता. आत फ्रिजमध्ये असतो तेवढा गारठा. सासऱ्यांनी आधी सवयीने काटा गुडघ्यावर आपटला, मग बासरी ओठाला लावली.

सूर लागला तो पार खाली. शेजारच्या पट्टीतच जाऊन बसला म्हणा ना. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, मलाही कळलं. सासऱ्यांनी पुन्हा काटा आपटला. पुन्हा फुंकलं. मग सगळा जोर लावून फुंकलं, मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं. सूर जेमतेम हलला.

त्यांनी बासरी हळूच खाली घेतली. चेहरा उतरला होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझी फुंक गेली."

घरी जाऊन त्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टर आले, छाती तपासली, पाठ ठोकली, म्हणाले या वयात अशी फुप्फुसं आपण पाहिली नाहीत. सासऱ्यांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. खोलीत झोपल्या झोपल्या त्यांनी पुन्हा बासरी काट्याशी ताडून बघितली. लोण्याच्या खोलीपेक्षा बरी, पण उतरलेलीच. शेडमध्ये जाऊन बघायची सोय नव्हती, शेडला छप्परच नव्हतं. रात्रीपर्यंत त्यांनी कानस कोणाला, सळया कोणाला याची वाटणी केली. मला शेगडी मिळाली.

बायको दुकानातून आली तेव्हा सासूबाई डोळे पुसत होत्या. हिने सगळी हकीकत नीट ऐकून घेतली. मग एकच प्रश्न विचारला, "तिथे गार किती होतं?"

दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी टाकली. काटा आणि बासरी घेऊन माझ्याबरोबर कामावर आली आणि लोण्याच्या खोलीत जाऊन फुंकली: खाली. बाहेर पॅकिंगच्या खोलीत फुंकली: थोडी वर. मग बॉयलरच्या खोलीत गेली, जिथे आमचा माणूस बनियनवर बसतो, आणि तिथे अंग तापेपर्यंत थांबून, जोर न लावता फुंकली. काटा आपटला. सूर तंतोतंत! बॉयलरवाल्याने टाळ्या वाजवल्या. ही मात्र तशीच उभी राहिली, हातात बासरी धरून, आणि तिचा चेहरा मला बघवेना.

आवाज म्हणजे हवेची पुढे-मागे ढकलाढकली. रांगेतल्या माणसाने पुढच्याला धक्का द्यावा, त्याने त्याच्या पुढच्याला, असा तो धक्का पुढे जात राहतो. हवा तापलेली असली की धक्का भराभर पोचतो, गार असली की रेंगाळतो. बासरीची लांबी तीच, पण आतला धक्का भराभर फिरला तर सूर चढतो, रेंगाळला तर उतरतो. पोलादी काट्याला मात्र थंडी-उन्हाचं फारसं काही वाटत नाही. सासरे आयुष्यभर भट्टीत बसून बासरी काट्याला जुळवत होते. ती बासरी भट्टीतच सुरात होती.

हे मला शाळेत होतं. 'तापमान वाढले असता हवेतील ध्वनीचा वेग वाढतो, कारणे द्या' हा प्रश्न मी पूर्ण मार्क मिळवून सोडवला होता. नंतर जन्मभर गारठ्यात नोकरी केली, तापलेल्या पत्र्याखाली सासुरवाडी केली, आणि या दोन्हींची गाठ घालायचं मला एकदाही सुचलं नाही.

संध्याकाळी आम्ही सासऱ्यांच्या खोलीत गेलो. बायकोने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शेगडी, पत्रा, लोणी, बॉयलर. सासरे उठून बसले.

"म्हणजे माझ्या छातीला काही झालं नाही?"

"काही नाही."

"फुंक शाबूत आहे?"

"आहे."

त्यांनी पांघरूण भिरकावलं. "अगं ए, चहा टाक! जावयालाही दे! काल उगाच घाबरवलंत सगळ्यांनी."

"आणि माझी?" बायको म्हणाली.

स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज येत होता, तो थांबला. सासूबाईंनीही ऐकलं होतं.

सासऱ्यांना समजायला वेळ लागला. समजल्यावर त्यांनी आधी तेच केलं जे त्यांनी जन्मभर केलं होतं. म्हणाले, "पण ते सभागृह एवढं गार ठेवायचं कशाला म्हणतो मी? माणसं आहेत का बटाटे?"

"बाबा," बायकोचा आवाज चढला नाही, पण मी तिला बारा वर्षं ओळखतो, मी भिंतीकडे सरकलो. "माझ्या दुकानात रोज माणसं येतात. खालची ओळ वाचता आली नाही तर आम्ही काच बदलून बघतो. एक बदलतो, दुसरी बदलतो. तुझे डोळे कच्चे, जा घरी, असं नाही सांगत कोणाला. तुम्ही एकदा तरी खाली येऊन फुंकून बघायचं होतं. एकदा. दोन जिने होते मधे."

चहा आला, तो तसाच निवला. मग सासरे उठले आणि गच्चीवर जाऊन बिनछपराच्या शेडमध्ये बसले. दोन दिवस त्यांनी कोणाशी शब्द काढला नाही. फुंकमास्तर गप्प बसलेत हे कळल्यावर शेजारी चौकशीला आले.

तिसऱ्या दिवशी ते माझ्या ऑफिसात आले. काखेत बांबू, पिशवीत कानस आणि सळया. "त्या सभागृहाएवढा गारवा असलेली खोली आहे का तुमच्याकडे?"

पॅकिंगची खोली होती. मॅनेजरला मी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही, नोकरी अजून चालू आहे. शेगडी बाहेर अंगणात, सळई लाल झाली की सासरे ती घेऊन आत पळत, भोक पाडत, मग बांबू निवेपर्यंत सफरचंदांच्या खोक्यावर बसून राहत. अंगात हमालाचा जाड कोट, नाक लाल. तीन बांबू वाया गेले. चौथी बासरी त्यांनी फुंकली, काटा आपटला आणि कोणालाही न ऐकवता फडक्यात गुंडाळली. संध्याकाळी बायकोच्या हातात दिली. तिच्याकडे न बघता म्हणाले, "चूक माझी होती."

एवढंच. मी त्यांना ओळखतो, त्यामुळे मला गहिवरून आलं.

पण आता निराळाच घोटाळा. बायको नवी बासरी घेऊन पॅकिंगच्या खोलीत वाजवायला बसली तर सूर काट्याच्या वर! पुन्हा वाजवलं, पुन्हा वर. लहानपणापासून उतरलेली बासरी रेटून वर न्यायची सवय लागलेली, छाती पैलवानासारखी झालेली. बासरी आता बरोबर होती आणि ही तिला वर ढकलत होती. परीक्षा तोंडावर आलेली.

मग रोज संध्याकाळी दुकान सुटल्यावर ती येई, सासरे समोरच्या खोक्यावर बसत आणि सांगत, "हळू." ती हळू फुंके. "अजून हळू." ज्या माणसाने अख्ख्या गावाला जोर लावायला शिकवलं, तो हळू हळू म्हणत हात खाली दाबत बसलेला मी रोज बघत होतो. एकदा ती चिडली. "इतकं हळू कसं वाजेल? श्वासच नाही लागत याला!"

"नाहीच लागत," सासरे म्हणाले. "लागत नव्हताच कधी." आणि उगाच बाहेर शेगडी बघायला गेले, शेगडी विझून तासभर झाला होता.

गावातल्या बाकीच्यांनाही त्यांनी निरोप धाडले की बासऱ्या आणा, फुकट बदलून देतो. फार कोणी आलं नाही. आपली छाती कमजोर नाही हे ऐकून लोकांना आनंद होईल असं आम्हाला वाटलं होतं. पण इतकी वर्षं पहाटे उठून धावलेल्या माणसाला धावायची गरजच नव्हती असं सांगितलं तर तो तुमच्याकडे काय नजरेने बघतो, ते मी बघितलंय.

परीक्षेला सासरे आले नाहीत, सासूबाईंनी येऊ दिलं नाही. मी बाहेर बाकावर बसलो. दार जाड होतं, आतलं काही ऐकू येत नव्हतं, आणि मला ऐकायचंही नव्हतं. बायको बाहेर आली ती बासरी फडक्यात गुंडाळत. "थांबले नाही कुठे," ती म्हणाली. "कोणी पाणी दिलं नाही." पंधरवड्याने फोन आला. जागा मिळाली. वाद्यवृंदातली शेवटची खुर्ची, नवीन माणसाला मिळते ती. सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. सासऱ्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं, मग ज्यांना सांगितलं होतं त्यांना पुन्हा सांगितलं.

पहिल्या कार्यक्रमाला आम्ही तिघं गेलो. सासरे नवा सदरा घालून, सभागृह गार असतं म्हणून आत स्वेटर. पडदा उघडला. मागच्या ओळीच्या टोकाला आमची ही, काळ्या कपड्यांत, पाठ ताठ. तिच्या शेजारच्या खुर्चीवर दुसरी बासरीवाली, अगदी कोवळी पोर, वेणी घातलेली, पाय हलवत बसलेली. ती मुलगी हिच्या एक खुर्ची पुढची होती. कार्यक्रम चांगला झाला. बासऱ्या पियानोबरोबर लागल्या तेव्हा मी सासऱ्यांकडे पाहिलं. मला वाटलं ते डोळे मिटून ऐकत असतील. ते डोळे उघडे ठेवून बघत होते, हिच्याकडे नाही, त्या पोरीकडे.

नंतर आम्ही मागच्या दाराशी थांबलो. वादक एकेक करून बाहेर पडत होते. ती मुलगी हिला हात हलवून पळाली. सासरे तिच्या पाठमोऱ्या वेणीकडे बघत राहिले.

"केवढी आहे गं ती?"

"एकोणीस," बायको म्हणाली. "याच वर्षी लागली."

"तू एवढीच होतीस."

"हो, बाबा."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रस्त्यात उभं राहून, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, ते रडायला लागले. "वीस वर्षं खाल्ली मी तुझी," ते म्हणाले.

मला वाटलं ही म्हणेल, जाऊ द्या हो बाबा, झालं गेलं. सासूबाईंनाही तेच वाटलं असावं, त्या तिच्याकडे आशेने बघत होत्या. बायको तसं म्हणाली नाही. तिने बासरी माझ्याकडे दिली, वडिलांचा हात आपल्या हातात घट्ट धरला आणि ते रडायचे थांबेपर्यंत तिथेच उभी राहिली.